सिंगापूरला जाताय? मग अल्बममध्ये तुम्हीही दिसा!

सुटीचे दिवस जवळ आले की या सदराच्या टपालाचा रंगच पालटतो. लोणच्याचं मीठ आणि पापडांचं प्रमाण मागे पडतं आणि ‘कुठं जावं, काय न्यावं’ याची विचारणा सुरू होते. आताशा त्यात सिंगापूरचं नाव वारंवार दिसतं. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात, कुणी भिशीच्या मैत्रिणींबरोबर निघालेली असते. सोलापूरच्या एका मैत्रिणीनं लिहिलंय, “चारच दिवस हाताशी आहेत. फोटो छान येतील अशा जागा सांगा. मागे आम्ही उटीला गेलो होतो. शेकड्यानं फोटो निघाले, त्यांत मी मोजून तीन. त्यातल्या एकात तर नुसता हातच, पाण्याची बाटली धरलेला!”

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तुम्हीच घरातला एखादा अल्बम काढून बघा. लग्नाच्या अल्बममध्ये आपण पानोपानी असतो. त्यानंतर बारसं असो, मुंज असो, सहल असो, आपण कुठं? कुणाचे केस विंचरतोय, कुणाची पिशवी धरतोय, नाहीतर ‘जरा जवळ या सगळे’ म्हणत आपणच फोटो काढतोय. शिवाय ‘आत्ता नको, जरा वजन उतरू दे, मग काढू’ हे आहेच. वजन काही उतरत नाही, वर्षं मात्र उलटत जातात. उद्या नातवंडं विचारतील, ‘आजी, तू नव्हतीस का गं गेलेली?’ तेव्हा काय सांगाल?

म्हणून आज सिंगापूरच्या जागा तर सांगतेच, पण कुठल्या जागी किती वाजता जायचं, कुठं उभं राहायचं आणि तुम्ही स्वतः फोटोत कशा याल, तेही सांगते.

आधी घड्याळ बघा

सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ, जेमतेम सव्वा अंश उत्तरेला आहे. त्यामुळे तिथे बाराही महिने सूर्य सकाळी सातच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला मावळतो. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. म्हणजे तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच झालेले असतात. पहिल्या दिवशी उठायला जड जातं, पण उठाच. कारण भर दुपारी ऊन डोक्यावर येतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि चांगली हसतमुख बाई फोटोत आजारी दिसते.

तेव्हा सोपा नियम लक्षात ठेवा. सकाळी साडेसात ते दहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात हे फोटोचे तास. दुपार ही जेवण, विश्रांती आणि दुकानं यांची. तसंही दुपारी तिथे पावसाची एखादी जोरदार सर येऊन जातेच. नोव्हेंबर ते जानेवारीत तर पाऊस जास्तच. घडीची छत्री पिशवीत असू द्या. ती लाल किंवा पिवळी असली तर फोटोतही शोभते.

जागा बदलण्याची युक्ती

आपला फोटो बिघडतो तो बहुधा काढणाऱ्याच्या घाईमुळे. ‘अहो, जरा माझा काढा ना’ म्हटलं की यजमान उभ्या जागेवरून बटण दाबून मोकळे होतात. पाय कापलेले आणि डोक्यावर अर्धं आभाळ! त्यावर उपाय असा. आधी त्यांना तुम्हाला हवं तिथे उभं करा. मोबाइलमध्ये मागची इमारत, झाड, आभाळ सगळं नीट बसतंय का ते तुम्ही बघा. एक फोटो काढा. मग तुम्ही उभ्या होतात त्याच जागी त्यांना उभं करा, तुम्ही त्यांच्या जागी जा आणि म्हणा, ‘आता हा तसाच काढा.’ नमुना समोर असला की काम बरोबर होतं. पुलाव कसा करायचा हे तोंडी सांगण्यापेक्षा एकदा करून दाखवलेला बरा, तसंच हे.

मोबाइल डोळ्यांच्या नव्हे तर छातीच्या उंचीवर, सरळ धरायला सांगा. वरून खाली धरला की माणूस बुटकं दिसतं. आणि फोटो काढण्यापूर्वी काच सुती रुमालानं पुसा. आपल्या हाताचं तेल, घाम त्या काचेला लागलेला असतो, म्हणून फोटो धुरकट येतात. दोष मात्र आपण मोबाइलला देतो.

पहिली सकाळ : मेरलायन आणि एक विसरलेली खूण

सिंगापूर हे नाव मूळचं संस्कृत, सिंहपूर. म्हणून तिथली ओळख म्हणजे मेरलायन. डोकं सिंहाचं, धड माशाचं, कारण हे गाव पूर्वी कोळ्यांचं. पांढरा शुभ्र, ८.६ मीटर उंचीचा हा पुतळा १९७२ साली उभा राहिला आणि २००२ साली आताच्या जागी हलवला गेला. तोंडातून खाडीत पाण्याची धार सोडतो. अधूनमधून डागडुजीसाठी धार बंद असते, तेवढी चौकशी करून जा.

मेरलायनचं तोंड पूर्वेला आहे, हे फार महत्त्वाचं. सकाळी ऊन त्याच्या तोंडावर पडतं. पाण्यात पुढे गेलेल्या धक्क्यावर उभं राहिलं की तो आणि मागच्या उंच इमारती दोन्ही उजळलेल्या मिळतात. संध्याकाळी गेलात तर सूर्य त्याच्या पाठीमागे जातो आणि तो काळवंडतो. आठच्या आत पोहोचा. दहा वाजता सहलींच्या बसगाड्या आल्या की तुमच्या फोटोत पंचवीस अनोळखी माणसं आलीच म्हणून समजा. तोंडात पाण्याची धार घेतल्याचा गमतीचा फोटो सगळेच काढतात. मुलांचा काढा, आपलाही काढा. वय आड येऊ देऊ नका.

तिथून पादचारी पुलावरून पलीकडे गेलं की थोड्याच अंतरावर एस्प्लनेड पार्क लागतं. सहलवाल्यांच्या यादीत बहुधा नसलेली एक खूण तिथे आहे. १९४५ च्या जुलै महिन्यात नेताजी सुभाषबाबूंनी इथे आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांच्या स्मारकाची पायाभरणी केली. युद्ध संपलं, इंग्रज परतले आणि त्यांनी त्याच वर्षी ते पाडून टाकलं. ती जागा दाखवणारी खूण सिंगापूरनं १९९५ साली उभारली.

आपण बायकांनी तिथे घटकाभर थांबावं याला आणखी एक कारण आहे. सिंगापुरात डॉक्टरकी करणाऱ्या लक्ष्मी स्वामिनाथन, म्हणजेच पुढच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल, यांनी १९४३ साली याच शहरात बायकांची पलटण उभी केली. मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या, भारत कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या कितीतरी मुली तिच्यात आल्या. आणि त्या पलटणीला नाव दिलं झाशीच्या राणीचं. तांब्यांची लेक, नेवाळकरांची सून, तिचं नाव समुद्रापलीकडच्या मुलींनी खांद्यावर घेतलं. ही जागा काही झगमगीत नाही. पण इथे उभं राहून काढलेल्या फोटोमागे मुलांना सांगायला एक गोष्ट असते.

पुढे नदीच्या काठाकाठानं चालत गेलं की हिल स्ट्रीटवरची जुनी पोलीस कचेरी दिसते. १९३४ सालची इमारत आणि तिच्या ९२७ खिडक्या इंद्रधनुष्याच्या रंगांत रंगवलेल्या! अगदी समोर उभं न राहता रस्त्याच्या पलीकडे, कोपऱ्यावर उभं राहा, म्हणजे रंगांची रांग तिरपी लांबवर जाताना दिसते.

पहिली संध्याकाळ : लोखंडी झाडांचं बन

‘गार्डन्स बाय द बे’ ही २०१२ साली उघडलेली, १०१ हेक्टरांवर पसरलेली बाग. तिथली सुपरट्री म्हणजे २५ ते ५० मीटर उंचीची पोलादाची झाडं. त्यांच्या अंगावर खरे वेल आणि रोपं वाढवली आहेत. ही झाडं नुसती शोभेची नाहीत बरं का. काहींवर सूर्यापासून वीज करणाऱ्या पट्ट्या आहेत, तर काहींतून काचघरांतली गरम हवा बाहेर सोडली जाते.

इथे साडेसहाला पोहोचा. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आभाळ गर्द निळं असतं, झाडांवरचे दिवेही लागलेले असतात. हीच ती वेळ! पूर्ण अंधार पडला की दिवे दिसतात, पण माणूस दिसत नाही. बाहेरची बाग आणि झाडांखाली फिरणं मोफत आहे. वरच्या झुलत्या वाटेला आणि काचघरांना तिकीट पडतं. संध्याकाळी पावणेआठ आणि पावणेनऊला गाण्यांवर दिव्यांचा खेळ असतो, तोही मोफत. तो मात्र फोटोंच्या मागे न लागता खाली आडवं पडून बघावा. तिथे सगळेच तसं करतात, लाजायचं कारण नाही.

काचघरं बघायची तर दुपारी उशिरा जा. आत गारवा असतो, ‘क्लाउड फॉरेस्ट’मध्ये ३५ मीटर उंचीचा धबधबा आहे. एक सांगून ठेवते. गारव्यातून बाहेरच्या दमट हवेत आलं की मोबाइलच्या काचेवर वाफ धरते, फ्रिजमधून काढलेल्या पातेल्यावर धरते तशी. पाच-सात मिनिटं थांबा, वाफ आपोआप जाईल.

दुसरी सकाळ : सोनेरी घुमट आणि रंगीत घर

काम्पोंग ग्लाम हा मलाय-अरब वस्तीचा जुना भाग. तिथल्या सुलतान मशिदीचे सोनेरी घुमट बुसोरा स्ट्रीटवरून सुरेख दिसतात. दोन्ही बाजूंना पामची झाडं, मधून फरसबंद रस्ता आणि टोकाला घुमट. या बाजूवरही ऊन सकाळीच पडतं, म्हणून नऊच्या आत जा.

फोटो काढून झाला की घुमटाच्या बुडाशी नीट निरखून बघा. एक काळसर पट्टा दिसेल. तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे! ही इमारत १९३२ साली पुरी झाली. ज्यांच्याकडे देणगीला पैसे नव्हते, त्या गरिबांनी बाटल्या दिल्या आणि श्रीमंतांच्या सोन्याखाली त्यांच्या काचाही बसल्या. घर चालवताना चिमूटचिमूट साठवणाऱ्या आपल्यासारखीला यातलं मर्म वेगळं समजवावं लागत नाही. आत जायचं तर खांदे आणि पाय झाकलेले हवेत. तिथे वरून घालायला झगा मिळतो. नमाजाच्या वेळी आणि शुक्रवारी दुपारी बाहेरूनच दर्शन घ्यावं. जवळच हाजी लेन नावाची अरुंद गल्ली आहे. तिच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. दुकानं उघडायच्या आत गेलं तर गल्ली मोकळी मिळते.

तिथून लिटल इंडिया जवळच. केरबाऊ रोडवर तान तेंग निया यांचं १९०० सालचं घर आहे. त्याच्या प्रत्येक फळीला वेगळा रंग आहे. केरबाऊ म्हणजे मलाय भाषेत म्हैस. पूर्वी इथे गुराढोरांचा व्यापार चाले. पलीकडच्या रस्त्याचं नावच बफेलो रोड! तिथे फुलांच्या माळा ओवणारे बसलेले असतात. एक गजरा घ्या आणि केसांत माळूनच त्या रंगीत घरासमोर उभ्या राहा. परदेशातला फोटो म्हणून जीनच घालायला हवी असं थोडंच आहे? दुपारी जेवायला १९४७ पासून चालू असलेलं कोमल विलास आहे, शाकाहारी मैत्रिणींची चिंता मिटली.

दुसरी संध्याकाळ : खाडीच्या दोन बाजू

तीन मनोऱ्यांवर जहाज ठेवल्यासारखी दिसणारी मरीना बे सॅंड्सची इमारत तुम्ही चित्रांत पाहिली असेल. ती २०१० साली उघडली. वरचा पोहण्याचा तलाव फक्त हॉटेलात उतरलेल्यांसाठी आहे. बाकीच्यांना तिकीट काढून गच्चीवर जाता येतं. पण मैत्रिणींनो, त्या गच्चीवरून एकच गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे ती इमारत! तिचा फोटो हवा तर खाडीपलीकडून, मेरलायनच्या बाजूनं, संध्याकाळी पाच-साडेपाचला काढावा. पश्चिमेचं ऊन तेव्हा तिच्या अंगावर असतं.

मग चालत हेलिक्स पुलावरून या बाजूला या. २८० मीटर लांबीचा हा पोलादी पूल पिळाच्या वेणीसारखा गुंफलेला आहे. मधोमध उभं राहिलं की चौकट आपोआप तयार होते. पुलाच्या टोकाला कमळाच्या आकाराचं कला-विज्ञान संग्रहालय आणि त्याभोवती कमळांचं तळं आहे. सात वाजता काठावरच्या पायऱ्यांवर बसा. समोर शहराच्या उंच इमारती, त्यांच्यामागे मावळता सूर्य आणि पाण्यात दिवे. इथे फ्लॅश लावू नका. एखाद्या दिव्याजवळ उभ्या राहा, काढणाऱ्याला मोबाइल कठड्यावर टेकवायला सांगा आणि तीन अंक मोजेपर्यंत हलू नका.

तिसरा दिवस : एका बाईच्या बागेतलं फूल

सकाळी वनस्पती उद्यान. १८५९ साली सुरू झालेलं हे उद्यान २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. बाग मोफत, आतल्या ऑर्किड बागेला तेवढं तिकीट. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल ‘वांडा मिस जोकिम’ हे जांभळट गुलाबी ऑर्किड. हे फूल १८९३ साली अ‍ॅग्नेस जोकिम या आर्मेनियन बाईंनी आपल्या घरच्या बागेत तयार केलं. कुंड्यांना पाणी घालताना ‘एवढा वेळ कशाला घालवता’ असं ऐकून घेणाऱ्या मैत्रिणींनी या फुलाशेजारी फोटो काढलाच पाहिजे! फुलाचा फोटो घेताना खाली वाका, फुलाच्या बरोबरीला या. आणि फूल हातात धरू नका, तोडणं तर दूरच.

संध्याकाळी उंचावरून शहर बघायचं असेल तर ‘पिनॅकल अ‍ॅट डक्स्टन’ या सरकारी वसाहतीची ५० व्या मजल्यावरची वाट बघा. सात मनोरे तिथे वरच्या वर जोडले आहेत. थोडं शुल्क घेऊन दिवसाकाठी ठरावीक लोकांनाच सोडतात. सिंगापुरात दहांतली आठ माणसं अशा सरकारी घरांतच राहतात. जुन्या इमारतींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून बांबूवर वाळत घातलेले कपडे दिसतील. चकचकीत शहरातही कपडे वाळत घालायची चिंता आपल्यासारखीच, हे बघून बरं वाटतं.

चौथा दिवस : लोकांची दारं आणि विमानतळावरचा पाऊस

कून सेंग रोडवरची पेरानाकन घरं म्हणजे साखरेच्या रंगीत गोळ्यांची बरणीच. गुलाबी, फिकट हिरवी, निळी. दारांवर फुलापानांची नक्षी, नक्षीदार फरशा. पेरानाकन म्हणजे इथे स्थायिक झालेले चिनी व्यापारी आणि मलाय बायका यांच्या संसारातून पुढे वाढलेला समाज. सकाळच्या उन्हात हे रंग खुलतात. पण या घरांत माणसं राहतात, हे विसरू नका. ओसरीवर चढून, दारातल्या कुंड्या बाजूला सारून, चपलांच्या रांगेत उभं राहून फोटो काढू नये. आपल्या वाड्याच्या ओट्यावर कुणी अनोळखी येऊन बसलं तर आपल्याला चालेल का? समोरच्या फुटपाथवरून काढलेला फोटो उलट जास्त चांगला येतो, कारण ओळीनं चार घरं मिळतात.

परतीच्या विमानाच्या आधी दोन तास जास्तीचे ठेवा. चांगी विमानतळाला लागून ‘ज्युएल’ ही काचेची इमारत २०१९ साली उघडली. तिच्या छतातून ४० मीटर उंचीवरून पाणी कोसळतं. इमारतीच्या आत असलेला हा जगातला सर्वांत उंच धबधबा. तपासणीच्या आधीच्या भागात असल्यानं कुणालाही मोफत बघता येतो. वरच्या मजल्याच्या कठड्याशी उभं राहिलं की अख्खा धबधबा आणि तुम्ही, दोन्ही नीट येता.

नेसायचं काय?

सिंगापूरची हवा कोकणासारखी दमट. नायलॉन अंगाला चिकटतं, तेव्हा सुतीच बरं. बागेत हिरवी साडी नको, माणूस पानांत हरवतं. तिथे पिवळी, कुंकवी, केशरी खुलते. मशिदीच्या सोनेरी घुमटापुढे निळी किंवा जांभळी. कून सेंगच्या रंगीत घरांपुढे एकरंगी, मोठ्या फुलांची नको. संध्याकाळच्या फोटोला फिकट रंग, कारण गडद साडी अंधारात विरघळते. आणि पायात नव्या चपला नकोत. पाय दुखायला लागले की ते आधी चेहऱ्यावर दिसतं!

फोटोआधी खांद्यावरची पिशवी, पाण्याची बाटली, मुलांचे स्वेटर खाली ठेवा. हो, खालीच. दोन मिनिटांत काही होत नाही. नाहीतर पाळी लावा : आज सामान यजमानांकडे, उद्या मुलाकडे. हे ऐकायला साधं वाटतं, पण अल्बममध्ये सगळा फरक इथूनच पडतो.

सार्वजनिक रेल्वेत काही खाऊ-पिऊ नका. दंड ५०० डॉलरपर्यंत आहे. भूक लागलेल्या मुलाला स्टेशनाबाहेरच खायला घाला. आणि घरी कुलूप असताना रोजच्या रोज फोटो सगळ्या गावाला पाठवू नका. ‘आम्ही घरी नाही’ अशी पाटी दारावर लावण्यासारखंच ते. परत आल्यावर दाखवा की सगळ्यांना!

परत आल्यावर

मोबाइलमध्ये आठशे फोटो साठतात आणि एकही कुणी बघत नाही. पूर्वी कॅमेऱ्याच्या एका रोलात ३६ फोटो येत. तोच आकडा धरा. आठवड्याभरात घरच्या सगळ्यांनी बसून ३६ फोटो निवडायचे आणि ते कागदावर छापून घ्यायचे. निवडताना एक अट घाला : त्यांतल्या निदान दहांत तुम्ही असलंच पाहिजे. त्यांत एखादा घामेजलेला, केस विस्कटलेला असला तरी फाडू नका. तुम्हाला तो आज आवडणार नाही. दहा वर्षांनी तोच बघून म्हणाल, ‘किती छान दिसत होते की मी!’

प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीनं तारीख, जागा आणि सोबत कोण कोण होतं ते लिहा. बॉलपेननं लिहिलं तर पुढच्या बाजूला वळ उमटतात. आणि तुमचं नाव लिहिताना नुसतं ‘आई’ असं न लिहिता पूर्ण नाव लिहा.

सोलापूरच्या मैत्रिणीला आणि तुम्हा सगळ्यांना प्रवासासाठी शुभेच्छा. पुढच्या अंकात परदेशी नेण्याजोगे, आठ दिवस टिकणारे चार कोरडे पदार्थ!